कर्ण्याने निवडलेला वादक

(स्मृतिव्याख्यानमालेतील भाषणाचा मुद्रित पाठ)



स्मृतिव्याख्यानासाठी नावाजलेला माणूस निवडला की वक्त्याचं निम्मं काम ते नावच करून टाकतं. आज मला ती सोय नाही. सॅम्युअल सीगल हे नाव या सभागृहात कुणाच्या कानावरून गेलं असेल असं वाटत नाही. खुद्द अमेरिकेत विचारलंत तरी जुन्या तबकड्यांचे संग्राहक आणि काही मँडोलिनवेडे सोडले, तर ओळख दाखवणारे फारसे भेटणार नाहीत. जन्म १८७५, आयोवा राज्यातलं डी मॉइन हे शहर. मृत्यू १९४८, लॉस एंजेलिस. या दोन सालांच्या मध्ये वीसेक वर्षं अशी होती, की अमेरिकेतला सर्वश्रेष्ठ मँडोलिनवादक म्हणून त्याची जाहिरात व्हायची आणि ती जाहिरात कुणाला फारशी अतिशयोक्त वाटत नसे.

मग त्याच्यावर तासभर का बोलायचं? कारण ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या पिढीतला कलावंत कसा घडला, कशावर जगला आणि कसा बाजूला पडला, हे त्याच्या आयुष्यात लख्ख दिसतं. शिवाय आपण जुने कलावंत तबकड्यांवरून जोखतो त्या सवयीबद्दल मला थोडं वाकडं बोलायचं आहे. त्यासाठी सीगलइतका सोयीचा माणूस दुसरा नाही.

आधी वाद्य. आपल्याकडे मँडोलिन म्हटलं की कुणाला सज्जाद हुसेन आठवतात, कुणाला किशोर देसाई, कुणाला कर्नाटक संगीतातले यू. श्रीनिवास. हिंदी चित्रपटगीतांच्या अंतऱ्यामागे थरथरणारी जी तार ऐकू येते, ती पुष्कळदा मँडोलिनची असते. मूळ वाद्य इटलीचं, त्यातही नेपल्सचं. पोट गोल, भोपळ्यासारखं फुगीर, मात्र भोपळ्याचं नव्हे तर लाकडाच्या पातळ फाका एकमेकींना चिकटवून केलेलं. तारांच्या चार जोड्या, म्हणजे आठ तारा. तारा जुळवायच्या त्या हुबेहूब व्हायोलिनसारख्या. म्हणून व्हायोलिन शिकलेल्या माणसाचा डावा हात मँडोलिनवर आपोआप चालतो. नवं शिकायचं ते उजव्या हाताचं.

अमेरिकेत या वाद्याचं वेड पसरलं त्याची कथा मजेशीर आहे. जानेवारी १८८० मध्ये 'स्पॅनिश स्टुडंट्स' नावाचं एक पथक न्यूयॉर्कला आलं. झगझगीत पोशाख, खांद्यावर झूल, हातात तारवाद्यं. लोक खुळावले. ही मंडळी वाजवत होती ती बांदूरिया, म्हणजे स्पेनमधलं मँडोलिनच्या जातीचं दुसरं वाद्य. पण कार्लो कुर्ती नावाच्या हुशार इटालियन संगीतकाराने न्यूयॉर्कमधले इटालियन व्हायोलिनवादक गोळा केले, त्यांच्या हाती मँडोलिनं दिली, अंगावर तसेच कपडे चढवले आणि नक्कल पथक गावोगाव फिरवायला सुरुवात केली. प्रेक्षकांना फरक कळला नाही. नकलेची चलती झाली आणि अस्सल वाद्य मागे राहिलं. पुढच्या वीस वर्षांत विद्यापीठांत, गिरण्यांत, चर्चच्या तळघरांत मँडोलिन क्लब निघाले. शिकागोच्या लायन अँड हीली कंपनीने वाद्यं घाऊक प्रमाणात काढली. मिशिगनमधल्या कॅलामझू गावात ऑर्व्हिल गिब्सन नावाच्या कारागिराने गोल पोटाला रजा देऊन व्हायोलिनसारखं कोरीव पाठीपोटाचं मँडोलिन केलं. त्याच्या नावाची कंपनी १९०२ मध्ये सुरू झाली. या कंपनीने वाद्यशिक्षकांनाच आपले विक्रेते म्हणून नेमलं. शिक्षक शिकवणार, विद्यार्थी वाद्य घेणार, शिक्षकाला दलाली मिळणार. गुरुदक्षिणेचं इतकं चोख व्यापारी रूप मी दुसरं पाहिलेलं नाही.

सीगल वाढला तो या लाटेत. नेपल्सची परंपरा त्याला वारशाने मिळालेली नव्हती. मका पिकवणाऱ्या मध्य-पश्चिमेत जन्मलेला मुलगा, आणि इटालियन वाद्यात इटालियनांच्या तोडीस तोड हात. त्याच्या पिढीत व्हॅलेंटाइन अॅब्ट होता, इटलीहून येऊन प्रॉव्हिडन्स शहरात स्थायिक झालेला जुझेप्पे पेत्तिने होता. तिघांचे हात तयार. पण यंत्राशी सगळ्यात जास्त गट्टी जमली ती सीगलची.

आता त्या यंत्राकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण विषयाचा गाभा इथेच आहे.

१९२५ मध्ये विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण सुरू झालं. त्याआधीच्या खोलीत मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून किंवा पडद्याआडून एक कर्णा बाहेर आलेला असे. वादकाने त्याच्या तोंडाशी वाजवायचं. कर्ण्याच्या अरुंद टोकाला पातळ पडदी, पडदीला जोडलेली सुई, सुईखाली फिरणारं मेण. तारेवर नखी आपटली की हवा हलते, हवा पडदी हलवते, पडदी सुई हलवते आणि मेणात चर पडते. मध्ये आवाज वाढवणारं काहीच नाही. मेण कापायला लागणारं सगळं बळ वादकाच्या मनगटातूनच यायला हवं.

हा कर्णा फार आवडीनिवडीचा होता. साधारण १७० ते २००० कंपनं, एवढाच पट्टा त्याला धड ऐकू येई. खालचा खर्ज गेला, वरची झळाळी गेली. व्हायोलिन त्याच्यासमोर इतकं मवाळ पडे, की स्ट्रो नावाच्या माणसाने १८९९ मध्ये व्हायोलिनचं लाकडी पोटच काढून त्याजागी पत्र्याचा कर्णा बसवला. मोठ्या वाद्यवृंदातल्या घनगंभीर वाद्यांच्या जागी पितळी वाद्यं घालावी लागत. आपल्याकडच्या सुरुवातीच्या तबकड्यांत तंबोरा जवळजवळ हरवलेला असतो, तो याचमुळे.

अशा या बहिऱ्या यजमानासमोर मँडोलिन ठेवून पाहा. सगळ्यात खालची तार सेकंदाला १९६ कंपनांची, म्हणजे पट्ट्याच्या आत पाऊल टाकलेलं. वरची मोकळी तार ६५९ ची, आणि नेहमीच्या वादनातले बहुतेक सूर २००० च्या अलीकडेच राहतात. नखीचा आघात कोरडा आणि टोकदार, त्यामुळे सुई दचकून हलते. तारा जोडीने बोलतात म्हणून आवाज भरीव. आणि मुख्य म्हणजे, तारेचा स्वर विझायला लागायच्या आत उजवा हात पुढचा आघात करतो, मग त्यापुढचा, मग त्यापुढचा. यालाच ट्रेमोलो म्हणतात. आपल्या सतारीचा किंवा सरोदचा झाला ऐकलेल्याला हे तत्त्व समजावून सांगायला नको, पण कामगिरी वेगळी आहे. झाल्यात आघातांची लय उठून दिसावी लागते. ट्रेमोलोत आघात वेगवेगळे ऐकूच येता कामा नयेत. कानाला लांब ओढलेला एकसंध स्वर वाटला पाहिजे. हे साधतं सैल मनगटाने. बोटं आवळली की आवाज खडखडतो, आणि खडखडाट कर्ण्याला सुरापेक्षाही जास्त ऐकू येतो.

म्हणून मी म्हणतो की कर्ण्याने सीगलची निवड केली. बँजो, झायलोफोन, कॉर्नेट आणि मँडोलिन ही त्या बहिऱ्या यजमानाची लाडकी वाद्यं. बँजोत व्हेस ऑसमन, मँडोलिनमध्ये सीगल. व्हायोलिनचे महावादक त्या काळात कमी होते असं नाही. मेणावर त्यांची छाया तेवढी पडली.

एमिल बर्लिनरने तबकडी काढली आणि एडिसनच्या ध्वनिमुद्रणाच्या नळीला स्पर्धक उभा राहिला. बर्लिनरच्या तबकडीवर वाजवणारा पहिला मँडोलिनवादक हा मान सीगलला दिला जातो. ती तबकडी सात इंची, वाजायची दोनेक मिनिटं. जस्ताच्या चकतीवर स्निग्ध थर, त्यावर सुईने रेघ, मग आम्लाने ती रेघ खोल करायची. एडिसनची नळी मेणाची, आणि तिच्या नकला काढण्याची चांगली सोय १९०२ पर्यंत नव्हती. तोवरची रीत अशी, की चार-सहा यंत्रं समोर मांडायची, गत वाजवायची, नळ्या काढून घ्यायच्या, नव्या चढवायच्या, पुन्हा तीच गत. खप वाढला की वादकाच्या मनगटाचा भुगा. तबकडीत एकदा साचा झाला की छाप काढत राहायचं. सीगल या बदलाच्या सांध्यावर उभा होता. पुढे बर्लिनरच्या उद्योगातून १९०१ मध्ये व्हिक्टर कंपनी निघाली आणि सीगलने तिच्यासाठी दोन डझनांहून अधिक मुद्रणं केली. त्यांतल्या अनेक रचना त्याच्या स्वतःच्या. एडिसनसाठीही वाजवलं. साथीला कधी लॉइड वुल्फची गिटार, पुढे रॉय ब्यूटिनची.

(येथे सीगल आणि ब्यूटिन यांचे एक मुद्रण ऐकवण्यात आले.)

खरखर ऐकलीत. पहिली दहा-पंधरा सेकंदं कान तिच्यातच अडकतो, नंतर सवय होते. आता दोन वाद्यांचा हिशेब पाहा. गिटार किती मागे आहे! ब्यूटिन उत्तम वादक होता, पण बोटांनी छेडलेल्या गिटारचं कर्ण्याशी जमत नाही. तुम्हाला ऐकू येतो तो समतोल त्या दोघांनी ठरवलेला नव्हता. खोलीतल्या कर्ण्याने ठरवला. रंगमंचावर हीच जोडी बसली असेल तेव्हा गिटारचा खालचा भरणा श्रोत्यांना नक्कीच मिळत असणार. आपल्याला मिळाला तो अर्धा संवाद.

इथे आपल्या घराजवळची एक गोष्ट सांगितली पाहिजे. याच बर्लिनरच्या हाताखाली तयार झालेला फ्रेड गैसबर्ग १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजान यांचं गाणं मेणावर घेतलं. त्या तबकड्या दाबल्या गेल्या जर्मनीत हॅनोव्हरला. तोच कर्णा, तेच मेण, तीच तीन मिनिटांची कैची. गाण्याच्या शेवटी गौहरजान आपलं नाव इंग्रजीत पुकारतात, ते तुम्ही ऐकलं असेल. एडिसनच्या सुरुवातीच्या नळ्यांवरही असंच, फक्त पुकारा आधी: कोण वाजवतंय, काय वाजवतंय, कंपनी कोणती. तासभर खुलणारा ख्याल तीन मिनिटांत कोंबताना आपल्या गायकांनी काय काय सोडलं, याची चर्चा मराठी संगीतसमीक्षेत भरपूर झाली आहे. सीगलची अडचण तेवढी मोठी नव्हती. वॉल्ट्झ, मार्च, रॅगटाइमचे तुकडे तसेही तीन-चार मिनिटांचेच. तरीही त्याच्या कलेचा जो खरा कस होता तो कर्ण्यात नीटसा उतरला नाही, असं माझं मत आहे. ते आता सांगतो.

त्या काळच्या अमेरिकी मँडोलिनवादकांची एक खास विद्या होती. तिला ते 'ड्युओ' शैली म्हणत. साथ कुणाची नाही, वाद्य एक, नखी एक, आणि तरी ऐकणाऱ्याला वाटावं की दोघं वाजवताहेत. वरच्या तारेवर ट्रेमोलोने धून अखंड चालू ठेवायची आणि तो ट्रेमोलो तुटू न देता नखी क्षणात खालच्या तारांवर उतरवून साथीचे सूर पेरायचे. मध्ये पडलेली फट कानाने भरून काढायची असते. वादक ती फट इतकी अरुंद ठेवतो, की कानाला ती लक्षातच येत नाही. डावा हात धून आणि साथ दोन्ही एकाच वेळी दाबून धरतो, म्हणजे बोटांची ओढाताण वेगळीच. हे करताना मनगटाची गती बदलली की भ्रम फुटला. अॅब्ट, पेत्तिने आणि सीगल हे तिघेही या शैलीतले खंदे. १९०१ मध्ये सीगलने मँडोलिनसाठी खास अभ्यासपाठांचं पुस्तक छापलं, त्यातही ही शिकवण आहे.

आता अडचण ही, की ड्युओ शैलीची सगळी गंमत हळू आणि मोठ्या आवाजांच्या फरकात आहे. धून पुढे, साथ मागे. कर्ण्याला 'मागे' ही जागाच माहीत नव्हती. हळू वाजवलं तर मेणावर ओरखडा नाही, जोरात वाजवलं तर सुई चरीबाहेर. मधल्या एकाच पातळीवर वाजवत राहायचं. म्हणजे कर्ण्याने ज्याला निवडलं, त्याच्या हातातली नाजूक निम्मी कला त्याने दाराबाहेर ठेवायला लावली.

मग सीगल तिकडे पुन्हा पुन्हा जात का राहिला? पैशांसाठी? थोडेफार मिळत असतील, पण हिशेब बघा. मुद्रणाला ठरावीक बिदागी मिळे. विक्रीवर वादकाला वाटा द्यायला कायद्याने कुणी बांधलेलं नव्हतं. रचनाकारालाही सुरुवातीला काही नाही: १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तर स्वयंचलित पियानोच्या छिद्रांच्या गुंडाळ्या ही रचनेची प्रत नव्हेच, असा निकाल दिला. १९०९ च्या स्वामित्वहक्क कायद्याने तो फिरवला आणि रचनाकाराला प्रत्येक यांत्रिक प्रतीमागे दोन सेंट ठरले. वादकाच्या हाताला मात्र शून्य. सीगल स्वतःच्या रचना वाजवायचा, त्याचा फायदा १९०९ नंतर थोडा झाला असेल. त्याआधी फायदा होता तो छापील स्वरलेखनाच्या विक्रीत. तबकडी ऐकून लोक दुकानात जायचे आणि ती गत छापलेली मागायचे. त्या काळात घरात पियानो किंवा मँडोलिन असणं ही सुखवस्तू कुटुंबाची खूण होती, आणि संगीत मुख्यतः विकलं जायचं ते कागदावर.

म्हणजे तबकडी ही सीगलच्या दुकानाच्या दारावरची पाटी होती. दुकान आत होतं. आत काय होतं? व्होडव्हिलचा रंगमंच: एकाच संध्याकाळी कसरतपटू, विनोदवीर, गायिका, शिकवलेले कुत्रे, आणि त्यांच्यात दहा-पंधरा मिनिटं मँडोलिन. प्रेक्षकांत संगीताचे जाणकार मूठभर, बाकी गिरणीतून सुटलेले लोक. पहिल्या मिनिटात पकड घेतली नाही तर आरडाओरडा. मैफलीतला कलावंत इथे उतरला की त्याची कला पातळ होते, असं आपल्याकडे मानलं जातं. मला ते मान्य नाही. सीगलच्या मुद्रणांत पहिल्या आघातापासून जो ठाम सूर आहे, तो अशाच प्रेक्षकांनी घडवलेला असणार. आपल्या संगीत नाटकाच्या पिटातल्या प्रेक्षकांनी किती गायकांचे गळे तयार केले, ते आठवून पाहा.

आणि दुसरं दुकान शिकवणीचं. शिकागोत 'सीगल-मायर्स' नावाची संगीतशाळा निघाली. शाळा म्हणजे इमारत, वर्ग, तंबोरे असं काही डोळ्यांपुढे आणू नका. ही शाळा पोस्टाने चालायची. पैसे पाठवायचे, धडे टपालाने यायचे, प्रश्नपत्रिका सोडवून परत पाठवायच्या. मँडोलिनपुरती ती मर्यादित राहिली नाही. पियानोचे धडे विल्यम शेरवूड या नामांकित वादकाच्या नावावर दिले जात. हा शेरवूड फ्रांत्स लिस्टकडे शिकलेला. म्हणजे नेब्रास्कातल्या एखाद्या शेतावरच्या मुलीला लिस्टच्या शिष्याचे धडे पोस्टमन आणून द्यायचा. पुढे या संस्थेने नावही विद्यापीठाला शोभेलसं घेतलं.

हसू येईल, पण घाईने हसू नका. सीगलचं अभ्यासाचं पुस्तक निघालं त्याच १९०१ मध्ये विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांनीही स्वरलेखन केलं, छापखाना चालवला, घराणेदार गुरूच्या उंबऱ्यापर्यंत पोचू न शकणाऱ्यांसाठी क्रमिक पुस्तकं काढली. दोघांचा हेतू सारखा होता असं मी म्हणणार नाही. पलुसकरांच्या मागे एक व्रत होतं आणि सीगलच्या मागे एक धंदा. पण अडचण एकच होती. संगीत शिकायची इच्छा गावोगाव जागी झाली, गुरू मात्र शहरांत होते. मधलं अंतर छापील कागदाने कापायचं, असं दोघांनाही सुचलं. सीगलच्या बाजूने एक जास्तीची सोय होती. कागदावरून शिकणाऱ्याला सूर कसा वाजला पाहिजे हे कळत नाही. तबकडी लावली की कळतं. त्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी तरी एका हातात धडा आणि दुसऱ्या हाताने फोनोग्राफची चावी, असं बसून ट्रेमोलो घोटला असेल, असा माझा अंदाज आहे.

आता उतार. तो सांगायला फार वेळ लागत नाही, कारण तो झपाट्याने आला.

१९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. हवाईच्या दालनात युकुलेली आणि सरकत्या पट्टीची गिटार वाजली आणि अमेरिका पुन्हा खुळावली, १८८० सारखीच. १९१६ मध्ये हवाईयन तबकड्यांचा खप तुफान. युकुलेलीला चार तारा, वजन नाही, किंमत कमी, आठवड्याभरात चार गाणी वाजतात. मँडोलिन क्लबांत वर्षानुवर्षं घासलेल्या तरुणांनी ती उचलली नसती तरच नवल. मागून जॅझ आला, आणि जॅझला ताल धरून वाजवणारा खणखणीत टेनर बँजो हवा होता. महायुद्धानंतर मँडोलिन क्लब एकेक करून बंद होऊ लागले. सीगलने काय केलं? तो हट्टाला पेटला नाही. १९१८ च्या सुमारास त्याने एडिसनसाठी मुद्रणं केली ती मरी केव्हनी या युकुलेलीवादिकेबरोबर, आणि त्यांत हवाईयन गाण्यांची माळही होती. लाट अंगावर आली तेव्हा त्याने तिलाच साथीला घेतलं. त्याच्या स्वभावाबद्दल मला फारसं माहीत नाही, पण या एका कृतीवरून तो मला आवडतो.

दुसरा धक्का मोठा होता. १९२५ मध्ये मायक्रोफोन आला आणि बहिरा यजमान एका वर्षात तल्लख झाला. आता गुणगुणलं तरी ऐकू येई. गायक ओरडायचे थांबले. मागे दडलेली गिटार पुढे आली आणि पुन्हा मागे गेलीच नाही. कर्ण्याच्या काळात मँडोलिनचा जो गुण ठरला, तो टोकदार आघात, मायक्रोफोनसमोर कर्कश वाटू लागला. सीगलची सगळी तबकडी-संपत्ती एका झटक्यात जुनाट झाली. १९२९ च्या शेवटाला एडिसन कंपनीने संगीताच्या मुद्रणाचा धंदाच गुंडाळला.

यानंतर सीगल जवळजवळ वीस वर्षं जगला. त्याच काळात मँडोलिनचं नशीब दुसऱ्याच वाटेने फिरत होतं. गिब्सन कंपनीतल्या लॉइड लोअर या वाद्यरचनाकाराने १९२२ ते १९२४ या काळात एक मँडोलिन तयार केलं, एफ-५ त्याचं नाव. अप्रतिम वाद्य, पण बाजार बसल्यावर जन्मलेलं. फारसं खपलं नाही आणि लोअरने कंपनी सोडली. त्याच्या सहीचं, ९ जुलै १९२३ ही तारीख घातलेलं एक वाद्य १९४० च्या दशकात मियामीतल्या एका न्हाव्याच्या दुकानात विकायला होतं. ते केंटकीच्या बिल मन्रोने घेतलं. मैफलीच्या नाजूक वाद्यातून त्याने डोंगराळ मुलुखाचं करारी, तडफदार संगीत काढलं. १९४६-४७ मधली त्याच्या पथकाची मुद्रणं म्हणजे ब्लूग्रासचा पाया. त्यात ट्रेमोलो आहे, पण अलंकारापुरता. जीव आहे तो उलटसुलट आघातांच्या तोडीत. १९४८ मध्ये सीगल गेला तेव्हा अमेरिकी मँडोलिनचा आवाज हा झालेला होता. दोघांच्या हातात नावाला एकच वाद्य, कानाला मात्र नातं जुळत नाही.

आता तबकड्यांवरून जोखण्याबद्दल ते वाकडं बोलणं. आपण कुणाची जुनी तबकडी ऐकतो आणि लगेच निकाल देतो: हा थोर, तो सुमार. त्या तीन मिनिटांना आपण त्या माणसाची कला समजतो. अनेकांच्या बाबतीत ते त्यांच्या कामाचं सगळ्यात आखडलेलं रूप असतं. सीगलच्या आयुष्यात मुद्रणाला लागलेला वेळ सगळा मिळून किती असेल? फार तर काही आठवडे. बाकीची वर्षं गेली रंगमंचावर, रेल्वेत, विद्यार्थ्यांच्या धड्यांत, छापखान्याच्या मुद्रितांत. रंगमंच हवेत विरला, धडे रद्दीत गेले. ज्याला त्याने पाटी समजून दारावर लावलं, तेवढंच आपल्या हाती लागलं. त्यात कर्ण्याचा पक्षपात आहे, तो ऐकताना वजा करता आला पाहिजे. आपल्या जुन्या गायक-गायिकांच्या बाबतीतही हाच हिशेब लावा. ज्यांचा आवाज बारीक आणि टोकदार, ते तबकडीत फायद्यात राहिले. ज्यांचा घुमारा खालच्या सप्तकात, त्यांच्यावर अन्याय झाला. मग आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत राहिलो, की त्या काळी बारीक आवाजाचीच आवड होती.

सीगलची मुद्रणं आता कुणालाही ऐकता येतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या ग्रंथालयाने हजारो नळ्या संगणकावर चढवल्या आहेत, आणि अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाने २०११ पासून व्हिक्टरच्या जुन्या तबकड्या खुल्या केल्या आहेत. १९२३ पूर्वीची अमेरिकी मुद्रणं १ जानेवारी २०२२ पासून स्वामित्वहक्कातूनही मोकळी झाली. त्यामुळे आज हे इथे ऐकवताना आपण कुणाचे देणेकरी नाही.

शेवटी एक मुद्रण लावतो. सीगल आणि केव्हनी यांचं 'रॅगटाइम एकोज', एडिसनच्या निळ्या सेल्युलॉइड नळीवरचं. ऐकताना दोन गोष्टींकडे कान ठेवा. एक, ट्रेमोलो कुठे थांबतो आणि सुटे आघात कुठे सुरू होतात. तिथे मनगट कसं बदलतं ते ध्यानात येईल. दुसरं म्हणजे युकुलेली. कर्ण्यासमोर ती ब्यूटिनच्या गिटारपेक्षा बरी उमटते का, हे मला तुमच्याकडून ऐकायचं आहे. माझा स्वतःचा निकाल अजून दोन्हीकडे हेलकावतो.

(येथे मुद्रण ऐकवण्यात आले. त्यानंतर प्रश्नोत्तरे झाली.)